दाढेवरचा पापुद्रा

“‘पेशंटने नाक शिंकरले.’ तीन शब्द आहेत, रश्मीताई. खाली साक्षीदार म्हणून सही करायची. यात खोटं काय आहे?”

“खोटं काहीच नाही, सर. पण त्याच्या आधीचं कुठाय?”

“आधीचं काय?”

“आधी फाटलं ते.”

“हळू बोला.”

“हळूच बोलतेय. बाहेर टीव्ही लावलाय.”

“फाटलं नव्हतं ते. छोटंसं परफोरेशन होतं. चार-पाच केसेसमागे एकात होतंच. मी वर कोलॅजेनची पट्टी लावली, टाके घातले, विषय संपला.”

“संपला असता तर काकांच्या रुमालात चुरा कशाला आला असता?”

“कारण त्यांनी शिंकरलं!” डॉक्टर समर्थने हातातलं पेन टेबलावर टाकलं. ते घरंगळत कडेला आलं तसं रश्मीने सवयीने अडवलं आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं. “आणि एक सांगू? तुम्ही फारच ताणताय म्हणून विचारतो. त्या दिवशी सक्शन कोणाच्या हातात होतं?”



सक्शन तिच्याच हातात होतं. वीस वर्षं ती रक्त-लाळ ओढायची नळी तिच्याच हातात असते.

रश्मी ओव्हाळ या दवाखान्यात आली तेव्हा वीस वर्षांची होती, आणि समर्थ अकरा वर्षांचा. आकुर्डीतला हा दवाखाना तेव्हा दोन खोल्यांचा, खाली सायकलचं दुकान. समर्थचे वडील डॉक्टर दौलतराव यांना नंबर पुकारायला आणि फरशी पुसायला कोणीतरी हवं होतं. भोसरीच्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या पेशंटने आपली बारावी झालेली मुलगी आणून उभी केली. दौलतराव काम करता करता बोलत, त्यामुळे शिकायला वेगळं कॉलेज लागलं नाही. एक्स-रे उजेडासमोर धरायचे आणि विचारायचे, “हा काळा डाग कसला?” “कीड.” “आणि हा?” “तिथं हाड खाल्लंय.” “शाबास. मग खुर्ची पूस आता.”

दोन-चार वर्षांत तिची वेगळीच पत तयार झाली. कंपन्यांतून येणारी माणसं, त्यांच्या बायका, डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी बाकावरून हळूच तिला विचारत, “दुखंल का गं?” ती नाही म्हणाली की निवांत जाऊन बसत. दुखणार असेल तर ती दुखेल म्हणायची, तरी बसत. तिच्या शब्दावर माणसं तोंड उघडत, आणि या गोष्टीचा तिला पगारापेक्षा जास्त अभिमान होता.

दौलतरावांची एक रीत होती. दाढ काढताना मूळ आत तुटलं की ते हत्यार खाली ठेवत, पेशंटच्या हातात आरसा देत आणि म्हणत, “हे बघा. माझ्याकडून तुटलंय. आता अर्धा तास जास्त लागेल.” काहीजण शिव्या घालायचे. एकाने तर आरसाच फेकला होता. पण पुढच्या वेळी दाढ दुखली की तोच माणूस बायकोलाही घेऊन यायचा.

तीन वर्षांपूर्वी दौलतराव गेले. समर्थने खालच्या सायकलच्या दुकानाची जागा घेतली, काचेचं दार बसवलं, भिंतीवर टीव्ही लावला. बाकावर बसून भूमितीचा गृहपाठ करणाऱ्या पोराला रश्मी आता सर म्हणू लागली. मुलगा वाईट नव्हता. कष्टाळू होता. इम्प्लांटचा कोर्स केल्यावर त्याने कच्च्या अंड्यांवर सराव सुरू केला. ड्रिलने वरचं कवच कापायचं, खालच्या पापुद्र्याला धक्का लागू द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात दोन डझन अंडी फुटली आणि रश्मीच्या घरी रोज भुर्जी झाली. तिसऱ्या आठवड्यात कवचाचा चौकोनी तुकडा अलगद सुटून आला, खाली पापुद्रा चकचकीत, अखंड.

“जमलं की, सर!”

“जमलं ना? घ्या, आज भुर्जी नाही.”

दोघं केवढे हसले होते.

तर काम असं असतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या हाडात एक पोकळी असते. सायनस. दाढ पडून वर्षं लोटली की खालचं हाड झिजत जातं, नवा दात रोवायला जाडीच उरत नाही. मग हिरडी उघडून हाडाला बाजूने छोटी खिडकी पाडायची, पोकळीचं आतलं अस्तर अलगद वर उचलायचं आणि खाली झालेल्या जागेत हाडाचा चुरा भरायचा. चार-सहा महिन्यांत तो हाडाशी एकजीव होतो, मग त्यात दात बसतो. सगळा खेळ त्या अस्तराचा. अंड्याच्या पापुद्र्याएवढं ते पातळ.

ज्ञानदेवकाकांना तिथं आणलं रश्मीनेच.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे फाउंड्रीतले सोबती. तीस वर्षं एका शिफ्टला, एका डब्यात जेवलेले. पहिली बावीस वर्षं काकांनी वाळूच्या साच्यांवर काढली, शेवटची आठ तपासणीच्या टेबलावर. डाव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा कधीच गेलेल्या. रिटायर झाल्यावर एकच हौस राहिली होती.

“दोन्ही बाजूंनी भाकरी चावायची हाय मला, रश्मे. एका अंगानं चावून चावून तोंड वाकडं झालंय. तुझी काकू म्हणती, फोटूत तिरपे दिसता.”

“येतील दाढा, काका. आमचे सर करतात.”

“तू हायेस न्हवं तिथं?”

“मीच असते.”

“मग झालं तर.”

फॉर्म रश्मीने भरला. साखर? नाही. बीपी? गोळी चालू. सर्दीचा, सायनसचा त्रास?

“छ्या! सर्दी कुठली मला?”

तिने ‘नाही’वर खूण केली. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

ती फाउंड्रीच्या घरात वाढली होती, तिथंच सगळं अडलं. तिचे वडील रोज सकाळी मोरीत उभे राहून दहा मिनिटं नाक मोकळं करत. एका नाकपुडीवर बोट, दुसरीतून जोर. काळं पाणी निघायचं. पोरं त्या आवाजाने उठायची, आणि आई म्हणायची, “उठा, बाबांचा भोंगा झाला.” गल्लीतल्या प्रत्येक मोरीत हाच भोंगा. ताप आला तर आजार, बोट चेचलं तर आजार. नाकातून वाळू आणि काजळी येणं हा ड्युटीचा भाग होता. काकांनी खरं तेच सांगितलं होतं आणि तिला ते खरंच वाटलं होतं. दुसरी कोणी मुलगी असती, बँकेतल्या कारकुनाची, तर तिने निदान विचारलं असतं, “रोज सकाळी शिंकरता का?”

पण स्कॅन खोटं बोलत नव्हता. पडद्यावर समर्थने काकांच्या गालातली पोकळी मोठी करून पाहिली. अस्तर दोऱ्याएवढं दिसायला हवं, ते गोधडीच्या काठासारखं जाड सुजलेलं. आणि पोकळीच्या तळातून मधोमध हाडाची एक भिंत उभी.

“सर, हे मध्ये काय?”

“सेप्टम. असतं काहींना. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन खिडक्या कराव्या लागतात, नाहीतर अस्तर तिथं अडकतं.”

“आणि ही सूज? नाकाच्या डॉक्टरांना आधी दाखवायचं का?”

“बघू.”

त्याने बघितलं नाही. ज्या दिवशी ऑपरेशन होतं त्या दिवशी साडेबाराला त्याची दुसरी केस चिंचवडला होती. त्याने एकच खिडकी पाडली.

रश्मीच्या एका हातात काकांचा गाल ओढून धरायचं हत्यार, दुसऱ्यात सक्शन. अस्तर सुटत गेलं, सुटत गेलं, भिंतीपाशी येऊन थांबलं. समर्थने जोर दिला. रक्त साचलं म्हणून तिने नळी पुढे नेली. आणि काकांनी श्वास सोडला तसा त्या लाल डबक्यात एक बुडबुडा उठून फुटला.

दोघांनीही तो पाहिला. आत हवा आली म्हणजे पापुद्रा गेला. नळी बाजूला केल्यावर भोक दिसलं, चांगलं अंगठ्याच्या नखाएवढं.

“सर, बंद करून घ्यायचं का? तीन-चार महिन्यांनी पुन्हा…” ती मास्कमधून पुटपुटली.

समर्थने घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग कोलॅजेनची पट्टी मागितली, भोकावर ठेवली आणि त्याच्याखाली हाडाचा चुरा भरला. सगळा. टाके घातले, काकांच्या चेहऱ्यावरचं हिरवं कापड काढलं आणि हसून म्हणाला, “एकदम मस्त झालं, काका.”

रश्मीने छापील सूचना वाचून दाखवल्या. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. दोनदा वाचल्या. आरसा तिने दिला नाही. तो कुठे ठेवलाय हेही आता तिला आठवत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी अर्धवट झोपेत काका मोरीवर गेले आणि बोट आपोआप नाकपुडीवर गेलं. नवव्या दिवशी गाल सुजला, तोंडाला घाण वास यायला लागला आणि रुमालात पांढरा चुरा आला. जाईबाईंनी नवऱ्याला धरूनच आणलं.

“मी माझ्या डोळ्यानं बघितलं, डॉक्टर! असं फर्र केलं ह्यांनी!”

समर्थच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रश्मी विसरू शकत नव्हती. सुटल्यासारखा दिसला तो. “शिंकरलंत? अहो काका, काय केलंत हे!” असं म्हणून त्याने रश्मीकडे पाहिलं.

आणि रश्मी म्हणाली, “काका, दोनदा वाचून दाखवलं होतं ना तुम्हाला? लहान आहात का?”

तिला कोणी बोलायला लावलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघताना बरंही वाटलं.

साठीच्या त्या माणसाने दोन्ही हात जोडले होते. आधी समर्थला, मग तिला. “चुकलं पोरी. सवय गेली न्हाई.”

त्याला तीन आठवडे झाले होते. चिंचवडचे नाकाचे डॉक्टर सोमवारी दुर्बीण घालून सगळा चुरा साफ करणार होते. त्याआधी त्यांना दातांच्या दवाखान्याचा कागद हवा होता : ऑपरेशनच्या वेळी अस्तर फाटलं होतं का, केवढं, आत काय आणि किती भरलं. काका तो कागद न्यायला अकरा वाजता येणार होते, आणि समर्थने तो टाइप करून ठेवला होता.

आता अकराला पाच कमी होते.

“सक्शन माझ्या हातात होतं,” रश्मी शेवटी म्हणाली. “तेही लिहा मग.”

“वेड लागलंय का तुम्हाला? मी तुम्हाला वाचवतोय.”

“मला?”

“आपल्याला.”

काचेचं दार वाजलं. जाईबाईंचा आवाज आधी आत आला, माणसं मागून. “पायपुसण्यावर पाय पुसा. आणि आत गेल्यावर नाकाला हात लावू नगा!”

काका वाळले होते. डावा गाल अजून फुगलेला, त्यामुळे चेहरा खरंच तिरपा दिसत होता. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा लावला, समर्थने दिलेला कागद लांब धरला आणि ओळीओळीवर बोट ठेवून वाचू लागले. तपासणीच्या टेबलावर आठ वर्षं असंच वाचलं असणार.

“ह्यात ऑपरेशनच्या दिवशीचं काय न्हाई.”

“त्या दिवशी काही झालंच नाही, काका. सगळं व्यवस्थित होतं.”

“त्याच संध्याकाळी डाव्या नाकातनं रगत आलं होतं. तवा मी शिंकरलं नव्हतं.”

“थोडंफार येतंच.”

“येत आसंल.” काकांनी चष्मा काढला. “डॉक्टर, आमच्याकडं कास्टिंगला भोक पडलं तर काही सुपरवायझर त्यात पुट्टी भरायचे. वरनं घासायचे, रंग मारायचे. डोळ्याला दिसायचं न्हाई. माझ्या टेबलावर आलं की मी पाण्याखाली धरून हवा सोडायचो. बुडबुडा आला की लाल पट्टी, माल बाद. भोक पडतंच हो, त्याला कोण गुन्हा म्हणत न्हाई. पुट्टी भरून ‘ओके’ लिव्हायचं, ह्याला आमी चोरी म्हणायचो.”



“तुम्ही माझ्या कामाची तुलना…” समर्थ लाल झाला. “काका, तुमची मिसेस स्वतः सांगतेय तुम्ही शिंकरलंत म्हणून!”

“शिंकरलंच!” जाईबाई म्हणाल्या. “आता का उगं फाटे फोडताय? तीन आठवडे झाले सांगती मी, आपल्या हातानं घाण केली ती केली. पोरीनं दोनदा वाचून दाखवलं तरी ह्यांच्या डोक्यात शिरंना. नात शिंकरायला लागली तरी आता मला धडकी भरती!”

“तू गप जरा.” काका वळले. “रश्मे, तू तिथं उभी होतीस. तू सांग. त्या दिवशी फाटलं होतं का?”

“रश्मीताई,” समर्थ म्हणाला. एवढंच म्हणाला.

बाहेर टीव्हीवर कोणीतरी खोबरेल तेलाची जाहिरात करत होतं.

“फाटलं होतं, काका,” रश्मी म्हणाली. “त्याच दिवशी. एवढं.” तिने अंगठ्याचं नख दाखवलं. “सरांनी पट्टी लावून खाली चुरा भरला. सक्शन माझ्या हातात होतं. माझ्या नळीने फाटलं की सरांच्या हाताने, मला नाही सांगता येणार. फॉर्मवर सर्दी नाही असं मीच लिहिलं, विचारलंसुद्धा नाही धड. शिंकरल्याने वाढलं असेल. पण पहिलं तुमच्यामुळे नाही झालं.”

“झालं समाधान?” समर्थ उठून उभा राहिला. “वीस वर्षं या घराचं खाल्लंत.”

“तुमच्या वडिलांनी…”

“वडिलांना मध्ये आणू नका! उद्यापासून येऊ नका तुम्ही. उद्यापासून कशाला, आत्ताच.”

जाईबाई नवऱ्याकडे बघत होत्या. तीन आठवडे ज्या माणसाला जेवताना, झोपताना, शेजारणींसमोर टोचून खाल्लं, त्याच्याकडे. मग त्यांनी मान फिरवली आणि सगळा राग रश्मीवर आला.

“आणि तू माझ्यासमोर ह्यास्नी झापलंस? बारक्या पोरासारखं? तुझ्या बानं ह्यांच्या डब्यातलं खाल्लंय गं!”

“काकू…”

“आन् मी तुझंच खरं मानलं! घरी जाऊन तेच तोंडावर मारत बसले ह्यांच्या!”

काकांनी हात वर करून बायकोला थांबवलं. आवाज अजिबात चढवला नाही. “नवव्या दिवशी मी आलो, तवा तुला ठाव होतं?”

“हो.”

“मी हात जोडले तवा?”

“हो, काका.”

काकांनी मान हलवली. हातातला टाइप केलेला कागद त्यांनी समर्थच्या टेबलावर नीट, कडेला कड लावून ठेवला. “हा नगं मला. त्या डॉक्टरला खरा कागद पायजे. सोमवारी माझ्या नाकात दुर्बीण जाणार हाय, तुमच्या न्हाई.”

समर्थ हलला नाही. रश्मीने खणातून दवाखान्याचं कोरं लेटरहेड काढलं. त्याने अडवलं नाही, पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ती उभ्याउभ्याच लिहू लागली. डावी बाजू, वरचा सहावा-सातवा दात. पोकळीत मधली भिंत. अस्तर आधीपासून सुजलेलं. एकच खिडकी. भिंतीपाशी अस्तर फाटलं, अंदाजे बारा मिलिमीटर. वर कोलॅजेन, खाली हाडाचा चुरा, दोन बाटल्या. पेशंटला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी पेशंटने नाक शिंकरलं. अक्षर तिचं चांगलं होतं. दौलतराव तिच्याकडूनच सगळ्या चिठ्ठ्या लिहून घेत. खाली तिने पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

“सर, तुमची पण लागेल.”

समर्थने न वळता खिडकी लावून घेतली.

काकांनी तिच्या हातातून कागद घेतला. चष्मा पुन्हा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरलं. मध्ये एकदा थांबलं, ‘सांगितलं नाही’वर, आणि पुढे गेलं.

“तारीख घाल.”

तिने तारीख घातली.

“ऑपरेशनची येगळी, आजची येगळी.”

तिने दोन्ही घातल्या. काकांनी कागदाची घडी घातली, स्कॅनच्या पाकिटात सरकवली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठले. जाईबाईंनी पिशवी उचलली. रश्मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या पुढे आली, दारापर्यंत.

“काका, सोमवारी मी येते ना तुमच्यासोबत. त्या डॉक्टरांना तोंडीही सगळं नीट सांगते. किती वाजता बोलावलंय? मी थेट तिकडंच येऊ, का घरी येऊ?”

ज्ञानदेवकाकांनी पायांत चपला सरकवल्या. एकीचा पट्टा वळला होता, तो वाकून सरळ केला. मग पाकीट काखेत धरून, दार ढकलून ते बाहेर पडले आणि मागे न बघता रस्त्याला लागले.